डाव्या खांद्यावरचं ऊन

वॉशिंग्टन, ६ जानेवारी १९०९

प्रिय सिग्ने,

माझं आयुष्य बदललं ते एक दार वाजलं नाही म्हणून.

११ फेब्रुवारी १९०७, सोमवार. आदल्याच शनिवारी न्यू हेवनच्या कॉलेजात प्राध्यापकाच्या टेबलावर कंपास आपटून मी कायमचा घरी निघून आलो होतो. आईनं ट्रंकेचं मोडकं कुलूप हातात दिलं आणि तुमच्या कुलुपांच्या दुकानात पिटाळलं. तुझ्या बाबांनी कुलूप उलटसुलट करून पाहिलं, मग चष्म्यावरून मला पाहिलं. म्हणाले, "काय कॉलेजसाहेब, आज सोमवार ना? का न्यू हेवनला आता सोमवारीपण चर्च असतं?" माझं डोकं फिरलं. कुलूप तिथंच टाकून मी बाहेर पडलो आणि मागं न बघता दार असं ओढलं की समोरच्या हौदावरची घोडी बुजावीत. हौदातलं पाणी गोठलेलं होतं, घोडी नुसतीच बर्फ हुंगत उभी होती. मी पायरीवर थांबून त्या धडाक्याची वाट बघत राहिलो. माझ्या रागाची पावतीच ती.

धडाका झालाच नाही. वळून पाहिलं तर दार अजून येतच होतं. म्हातारी बाई खुर्चीत टेकते तसं, घाई न करता, पण मध्ये कुठं अडूनही न बसता. चौकटीला लागलं आणि कडी नुसती टक् म्हणाली.

काचेपलीकडे तू स्टुलावर बसली होतीस, मांडीवर कानशीस. मी परत आत आलो. तू म्हणालीस, "पुन्हा आपट. हवं तर आणखी जोरानं." मी आपटलं. दार त्याच चालीनं आलं. तिसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी ओढलं आणि तू हसलीस, आणि तिथं माझं सगळं संपलं, किंवा सुरू झालं. काय म्हणायचं ते तू म्हण.

हे तुला ठाऊक असताना का लिहितोय? आमचे पेटंटचे वकील वॉडली साहेब यांनी मला सकाळी नक्ष्याच्या टेबलावरून आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर तुझा नवा पेटंटचा अर्ज होता. तुझं अक्षर मी उलटं असलं तरी ओळखतो. अर्जावर एकटीचं नाव. सोबत मी सही करायचा एक कागद: दार सावकाश लावणाऱ्या या यंत्रात, म्हणजे दाराच्या लगामात, ऑरिन थ्रॉल याचं काही नाही, आधीच्या अर्जात त्याचं नाव चुकून पडलं. साहेब म्हणाले, वापरात आलेल्या वस्तूचा अर्ज दोन वर्षांच्या आत आला नाही तर ती वस्तू साऱ्या जगाची होते, आणि तुझा लगाम दुकानाच्या दाराला लागला त्याच सोमवारी सकाळी. म्हणजे येत्या अकरा फेब्रुवारीपर्यंतच वेळ. त्या दिवसाचं जे आठवतं ते लिहून आण म्हणाले, तारखेचा बाहेरचा साक्षीदार तूच.

म्हणजे बघ. ज्या घटकेला मी तुझ्या प्रेमात पडलो तिथून सरकारचं घड्याळ सुरू झालं. साहेबांसाठी लिहायला बसलो आणि ते तुला लिहून झालं. साहेबांना तू पत्र लिहितेस, मला एक ओळ नाही.

सही अजून केलेली नाही. कागद टेबलाच्या खणात आहे.

तुझा (हे मी अजून लिहिणार)
ऑरिन


वॉशिंग्टन, १३ जानेवारी

सिग्ने,

आठवडा झाला, उत्तर नाही. ठीक आहे. मग ऐक. मी सही करणार नाही.

का करू? अर्धा लगाम तू मला आपणहोऊन दिलास. साखरपुड्याच्या दिवशी, वेलदोड्याच्या पावांचं ताट मध्ये ठेवून, सगळ्यांच्या देखत. तुझे बाबा म्हणाले, "आमच्या गावाकडं नवरा मुलगा मुलीला कपडे दाबायची फळी कोरून देतो. ही पोरगी उलटीच. हीच त्याला यंत्र देतेय." तू म्हणालीस, "ते आपटणारा पहिला माणूस हाच, म्हणून अर्धं याचं." सगळे हसले. वर माडीवरून तुझी आजारी आई डोक्याला फडकं बांधून खाली आली होती, तीसुद्धा हसली. मग अर्ज करताना वॉडली साहेबांनी विचारलं, दोघांनी मिळून शोधलंत का? आपण दोघांनी मान डोलावली. लग्नाच्या वहीआधी आपली नावं एका कागदावर खाली-वर लागली. मी तो कागद कितीदा बघितला असेल!

आणि तू दिलंस म्हणून नुसतं नाही. ते माझंच होतं. ऑगस्टमध्ये कुलूप कारखान्याचा तो मिशाळ माणूस लगाम बघायला म्हणून तुमच्याकडे जेवायला आला, हेरिंग चिवडत म्हणाला, काय हो, यातलं कुणी काय काय शोधलं? तेव्हा मी म्हणालो, "जीभ माझी." त्यात खोटं काय होतं? सिलिंडर तुझा, स्प्रिंग तुझी, तेल तुझं. पण ती जीभ, पितळ आणि पोलाद पाठीला पाठ लावून जोडलेली ती पट्टी, थंडीत तेल काकवीसारखं घट्ट झालं की जी आपोआप वाकते आणि तेलाचं भोक मोठं करते, म्हणजे दार जानेवारीत आणि जुलैत एकाच चालीनं लागतं, ती माझी. पहिल्या दिवशी तुझ्या लगामाला नुसता स्क्रू होता, ऋतूप्रमाणे पिळायचा. हे मला स्पष्ट आठवतं.

आणि तो रविवार आठवतो. फेब्रुवारीचा शेवट, चर्च आणि जेवण आटोपून आपण दक्षिणेच्या तळ्याकडे निघालो होतो. वाटेत ते बारमाही हिरवं झुडूप. थंडीनं त्याची चामड्यासारखी पानं सिगारसारखी वळून लोंबत होती. मी थांबलो. एक पान बोटात धरून तुला दाखवलं आणि म्हणालो, बघ, हे एका बाजूनं जास्त आकसतं म्हणून वळतं. पितळ आणि पोलाद असंच करतील. तू झुडपापाशी वाकलीस. तुझ्या डाव्या खांद्यावर ऊन होतं, शालीच्या विणीतून एकेक धागा दिसत होता. सिग्ने, असं माणसाला उगाच आठवतं का?

ऑगस्टच्या त्या रात्री मी 'जीभ माझी' म्हटल्यावर तू कॉफीचं भांडं खाली ठेवलंस आणि बाहेर गेलीस. दार तुझ्या मागं आपल्या चालीनं लागलं. आपटलं असतंस तर मी धावत आलो असतो. तुझ्या त्या लगामानं मला कळूच दिलं नाही तू किती चिडलीस ते. नंतर पार्सलातून अंगठी आली तेव्हा कळलं.

तेव्हा साहेबांना सांगतो, पहिलाच अर्ज राहू दे. दोन नावं, दोघांचं. कारखान्यानं कोर्टात खेचलं तर मी शपथेवर सांगेन, जीभ माझी. निदान कागदावर तरी तू आणि मी एकत्र राहू.

ऑ. थ्रॉल


वॉशिंग्टन, १९ जानेवारी

प्रिय सिग्ने,

मागचं पत्र फाडून टाक. नको, फाडू नकोस. त्यात तुझ्या शालीबद्दल लिहिलंय.

इथं तीन दिवस बर्फ पडतोय. आमच्या खोलीचं छप्पर काचेचं आहे, नक्षेवाल्यांना उजेड लागतो म्हणून. काचेवर बर्फ साचला की उजेड दुधासारखा होतो आणि आम्ही सगळे त्यात बुडालेल्यासारखे टेबलांवर वाकलेले असतो. शिळ्या पावाच्या चुऱ्यानं पेन्सिलीच्या रेघा पुसल्याचा खसखस आवाज तेवढा.

तुला कधी सांगितलं नाही, पण या कामाची मला गुंगी येते. इथं येणाऱ्या यंत्रांना घर नसतं. सायकल असते, रस्ता नसतो. लोणी काढायचं यंत्र असतं, गाय नाही, बाई नाही. बटण लावायची आकडी असते आणि बूट नसतो. सगळं पांढऱ्यात नुसतं तरंगत असतं, आणि बाजूला बारीक अक्षरं: क, ख, ग. कालपासून मी ओहायोच्या कुणा माणसाचा पाळणा काढतोय, आपोआप झुलणारा. पाळण्यात कुणी नाही, तरी तो झुलतोय असं मला सारखं वाटतं.

आणि सगळ्यांवर एकच ऊन. सरकारचा नियमच आहे: उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, तिरपा. म्हणून वस्तूच्या उजवीकडची आणि खालची रेघ जाड, तिकडे सावली पडते म्हणून. कुणीही कुठल्याही गावात काहीही शोधो, मेनमध्ये, टेक्ससमध्ये, तळघरात, तुरुंगात. इथं आलं की त्याच्यावर डावीकडूनच ऊन पडतं. टफ्ट्स म्हणून आमच्यातला म्हातारा आहे, जाडा, ब्रह्मचारी, बारा महिने सर्दी. तो रोज सकाळी ओव्हरकोट खुंटीला लावता लावता पुकारतो, "मंडळी, ऊन कुठून?" आणि आम्ही सगळे एका सुरात, "डाव्या खांद्यावरून!" नवा पोरगा पहिल्या आठवड्यात चुकतोच. मीही चुकलो होतो. आता चुकत नाही. आता रस्त्यानं जाताना समोरच्या माणसाच्या उजव्या बाजूला मी मनातल्या मनात जाड रेघ ओढतो. अजब वाटेल तुला.

काल दुपारी टेबलावरच डुलकी लागली. बर्फाच्या मैदानात एक दार होतं, भिंत नव्हती, नुसती चौकट. ते लागत होतं. आपल्या लगामाच्या चालीनं, त्याहूनही सावकाश, जणू अख्खा हिवाळा त्याला लागायला हवा होता. पलीकडे तू होतीस. मला दिसत नव्हतीस पण वेलदोड्याचा वास येत होता. दाराला अजून एका तळहाताएवढी फट होती. मी हात घालू शकलो असतो. घातला नाही, कारण वाटलं, तुझं यंत्र आहे, त्याला हात लावला तर बिघडेल. जाग आली तेव्हा गालाला शाई लागली होती. टफ्ट्स म्हणाला, "थ्रॉलच्या डाव्या गालावर सावली. नियमबाह्य."

सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

वॉडली साहेबांनी कालही विचारलं. मी म्हणालो, विचार करतोय. ते म्हणाले, "पोरा, प्रेमात पडायला कायद्याची आडकाठी नाही. शपथेवर खोटं बोलायला आहे. तुला आठवतं ते खरं असेल तर सही करू नकोस, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. खरं नसेल तर दोन नावांचं ते पेटंट पहिल्याच वकिलापुढं मोडेल, आणि त्या मुलीकडं ना अर्धं राहील ना पूर्ण." आणि मग नाक शिंकरून म्हणाले, "तिची आई बरी आहे का?" मला माहीत नव्हतं. बरी आहे का?

मला जे आठवतं ते खरं आहे. तुला पटवून देईन. एक गोष्ट करायला घेतली आहे.

तुझा
ऑरिन


वॉशिंग्टन, २४ जानेवारी

प्रिय सिग्ने,

सोबत चित्र पाठवतोय. तो रविवार. तुला विसर पडला असेल तर हे बघून आठवेल, मग तूच साहेबांना लिही की थ्रॉलला सही करायला लावू नका.

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत काढलंय, चांगल्या पुठ्ठ्यावर, चोरून. आपण दोघं पाठमोरे, पुढं तळं. मी पान धरलेलं, तू झुडपापाशी वाकलेली. वळलेली पानं मोजून काढलेली नाहीत, पण त्यातलं प्रत्येक मला ओळखीचं वाटलं. तुझा डावा खांदा बघ. शालीची वीण मी कधी विसरणार नाही.

मी बाहेर गेलो असताना टफ्ट्सनं ते पाहिलं. परत आलो तर रुमाल नाकाला लावून उभा होता. म्हणाला, "सुरेख. अगदी नियमाप्रमाणे आहे. कुणाचं पेटंट?" त्याला काय कळणार प्रेमातलं. मी चित्र ओढून घेतलं.

सिग्ने, एवढं बघ. मग जे म्हणशील ते.

ऑरिन


वॉशिंग्टन, २ फेब्रुवारी

सिग्ने,

चित्र परत मिळालं. मागच्या बाजूला तुझ्या पेन्सिलीच्या दोन ओळी. सहा महिन्यांत तुझं मला आलेलं हे पहिलं अक्षर, म्हणून आधी नुसतं अक्षरच बघितलं. मग वाचलं.

"ऑरिन, चित्र छान आहे. पण ऊन उजवीकडून होतं. बर्फावरून डोळ्यात येत होतं म्हणून तू बाबांची टोपी उजव्या डोळ्यावर ओढून घेतली होतीस आणि सगळी वाट मी तुला समुद्री चाचा म्हणत होते."

मी भडकलो. खरं सांगतो, चित्र चुरगाळायला घेतलं होतं. म्हटलं, हिला माझं यंत्र नको, माझं नाव नको, आता माझं ऊनपण नको. दोन दिवस तुझ्याशी मनात भांडत राहिलो. उन्हाचं काय घेऊन बसलीस, पानाचं बोल!

आज सकाळी टफ्ट्स आला. कोट खुंटीला लावला. "मंडळी, ऊन कुठून?"

सगळे म्हणाले. मी मात्र खणातलं चित्र बाहेर काढलं.

सिग्ने, तळं दक्षिणेला. जेवणानंतरची वेळ, म्हणजे सूर्य पश्चिमेकडे कललेला. दक्षिणेकडे तोंड करून चालणाऱ्याच्या उजव्या हाताला पश्चिम. शेंबड्या पोरालाही कळेल. तुझा डावा खांदा सावलीत होता. मी आयुष्यात कधीही त्या शालीच्या विणीतून ऊन पाहिलेलं नाही.

मग ते ऊन कुठलं? या खोलीतलं. काचेच्या छपराखालचं. तुझ्या लगामाचा नक्षा मी काढला, पुन्हा काढला, खाडाखोड करून परत काढला, जीभ अलगद वळलेली, उजवीकडून जाड रेघ. इतकं तिच्याजवळ बसलो की ती माझ्या बोटांतूनच उगवली असं वाटायला लागलं. आणि मग माझ्या डोक्यानं तिच्यासाठी एक रविवार काढला. झुडूप काढलं, तळं काढलं, पान माझ्या हातात दिलं. सगळं अगदी नियमाप्रमाणे. टफ्ट्सला एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही. कुणाचं पेटंट, विचारत होता तो.

आता टोपी आठवते. लोकरीची, कान झाकणारी, उजव्या डोळ्यावर. समुद्री चाचा आठवतो. आणि त्या टोपीखालून एकाच डोळ्यानं बघितलेलं: हातमोज्यातला हात पान धरून. हातमोजा निळा. माझ्याकडे हातमोजे नव्हतेच, कॉलेजात विसरलो होतो, हात खिशात होते. तू म्हणत होतीस, "तुला काल कळलं नाही ना जिभेचं? हे बघ, अशी." तू मला समजावून सांगत होतीस. मला नीट कळलं नव्हतं आणि तू सोपं करून सांगत होतीस.

आणि आठवणीवरही जाऊ नकोस. माझं पहिलं पत्र तुझ्याकडे असेल. त्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलंय की त्या सोमवारी हौदातलं पाणी गोठलं होतं. तसल्या थंडीत तेल काकवीसारखं झालेलं असणार, नुसत्या स्क्रूचं दार अर्ध्यावरच अडून राहिलं असतं. तुझं अडलं नाही. आपटलंही नाही. म्हणजे जीभ त्या दिवशी आत होती. मी मोडकं कुलूप घेऊन पायरी चढायच्या आधीपासून आत होती. तिच्यामुळंच दार तसं आलं, म्हणून मी वळलो, म्हणून तू दिसलीस. जिनं मला तुझ्याकडे वळवलं ती मी कशी घडवणार?

आणखी एक विचारायचं होतं. तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. त्या मिशाळ माणसासमोर एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. तू कॉफीचं भांडं ठेवलंस आणि बाहेर गेलीस. माझी अब्रू राखलीस आणि मी त्यावर अजून सहा महिने रुसून बसलो.

आज एवढंच.

ऑ.


वॉशिंग्टन, १० फेब्रुवारी, सकाळ

प्रिय सिग्ने,

आधी कामाचं. तुझा अर्ज, शपथ आणि नवा नक्षा माझ्या हाताखाली दोरीनं बांधून ठेवलेत. पेटंटचं ऑफिस इथून चालत जाण्याइतकं जवळ. तिथला दरवाजा उघडला की पहिला मी. उद्याची वाट बघायची नाही.

माझ्या कागदावर परवा नोटरीसमोर सही केली. वॉडली साहेबांनी मजकुरात घातलं होतं, "माझ्या आठवणीप्रमाणे सदर यंत्रात माझा काहीही भाग नाही." मी म्हणालो, साहेब, आठवणीला यात आणू नका, ती भरवशाची नाही. नुसतं लिहा, भाग नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, शब्द खोडले, शेजारी आद्याक्षरं घातली. मग ती अकरा फेब्रुवारी १९०७ ची हकीकत वाचली. तुला लिहिली होती तीच पुन्हा लिहून दिली, फक्त तुझं हसणं काढून टाकलं. साहेब म्हणाले, "थ्रॉल, इथं तिसऱ्यांदा दार आपटलंस असं आहे. दोनदा आपटून खात्री झालेली दिसते. तिसऱ्यांदा का?" मी दौतीचं झाकण लावलं. ते म्हणाले, "राहू दे. कायद्याला लागत नाही."

नक्षा मीच काढला. टफ्ट्स म्हणाला होता, मी काढतो. मी पुठ्ठा दिला नाही. मागच्या वेळी काढताना प्रत्येक रेघ माझी वाटायची. या वेळी वाटलं, मी तुमच्या दुकानात उभा आहे, तू स्टुलावर आहेस आणि एकेक तुकडा मला हातात देते आहेस: हा सिलिंडर, ही स्प्रिंग, ही जीभ, धर नीट. काचेवरचा बर्फ वितळत होता. थेंब काचेवरून घसरत होते आणि त्यांच्या सावल्या पुठ्ठ्यावरून चालत होत्या, मधूनच जिभेवरून जात होत्या, तेव्हा ती हलल्यासारखी वाटायची. खरं ऊन उजवीकडून येत होतं आज, गंमत म्हणजे. क्षणभर मनात आलं, आपणही उजवीकडूनच दाखवावं, एकदाच. ऑफिस परत पाठवेल आणि तुझा दिवस बुडेल. नाही दाखवलं. जाड रेघ उजवीकडेच ओढली.

नक्ष्याच्या खाली दोन कोपरे असतात हे तुला माहीत आहे. उजवीकडे शोधणाऱ्याचं नाव, डावीकडे साक्षीदारांची. जुन्या नक्ष्यात उजवीकडे तुझ्या खाली मी होतो. या नक्ष्यात उजवीकडे एकटी तू: सिग्ने टर्नब्लाड. किती मोकळं दिसतं! मी एवढा वेळ तिथं गर्दी करून उभा होतो. साक्षीदार दोन लागतात. एक टफ्ट्स. दुसऱ्या जागेसाठी त्यानं मला पेन दिलं आणि म्हणाला, "ये की. पाहिलंस ना दार लागताना?"

पाहिलं होतं. म्हणून सही केली. डावीकडे, खाली. माझी खरी जागा ती. बघणाऱ्याची.

तू मला परत बोलवावंस म्हणून हे केलं नाही. तसं लिहिलं तर तुला हसू येईल, कारण मला तेच हवं असतं, सतत. पण ते वेगळं आणि हे वेगळं. आई बरी आहे असं तुझ्या बाबांच्या कार्डावरून कळलं. साहेबांना आलं होतं, मला नाही, तरी खाली लिहिलं होतं, "कॉलेजसाहेबाला विचारा, त्याच्या ट्रंकेचं कुलूप दोन वर्षं आमच्याकडं पडलंय, ते भाड्यानं ठेवलंय का?" तीनदा वाचलं.

ते कुलूप राहू दे तिथंच. मी न बोलावता येणार नाही. ऑफिसातून परत इथंही येणार नाही, साहेबांना तसं सांगितलं आहे. तुझ्या यंत्राचा नक्षा काढून झाल्यावर ओहायोच्या पाळण्याकडे परत वळायला मन घेत नाही. न्यू हेवनच्या त्या प्राध्यापकाला मात्र एक पत्र लिहिणार आहे. कंपास त्याचा होता.

आमच्या खोलीचं दार तुला माहीत नाही. बिजागरी सैल, चौकट फुगलेली. मी रोज बाहेर पडलो की ते गोळी सुटल्यासारखं वाजतं आणि आतून सगळे ओरडतात, "थ्रॉल!" आल्यापासून हेच. साहेबांनी एकदा बाजारातला लगाम आणून लावला होता, पहिल्या थंडीतच तो अडून बसला.

हे पत्र दारातच संपवतोय, दप्तर काखेत, कागद पुठ्ठ्यावर टेकवून. टफ्ट्स त्याच्या टेबलावर वाकलाय, नाक ओढतोय. त्याला सांगितलंय, कान देऊन ऐक. तो म्हणाला, "काय ऐकू? तुझा धडाका? पलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जातो." आता पेन खिशात ठेवेन, दाराची मूठ धरेन, दाराबरोबर एकेक बोट मागं सरकेन, तुझी जीभ सरकते तसा, थंडीत थोडा जास्त, उन्हात थोडा कमी. चौकटीला टेकेपर्यंत सोडणार नाही.

टफ्ट्सनं मान वर केली नाही, तर मी गेलो.

ऑरिन